पारास्किवाच्या घराची नक्षी

पत्र पारास्किवाच्या नावाने आलं होतं, आणि पारास्किवा मरून बेचाळीस वर्षं झाली होती.

पत्रं वाटणारी साव्हेता ते घेऊन वाचनालयात माझ्याकडे आली. गावात ज्या कागदाचं काय करायचं ते कुणाला कळत नसे, तो शेवटी माझ्या टेबलावर येई.

"मास्तर, या नावाची बाई आपल्याकडे नाही. परत पाठवू?"

पाकिटावर रुमानियाचं तिकीट होतं. पाठवणारीचं नाव आग्लाया, गाव खालची साल्चिओरा. खालची म्हणजे आमच्याच गावाचा ओढ्याच्या उतरणीकडचा अर्धा भाग. एके काळी पायी पाऊण तासाची वाट. पत्राला यायला एकोणीस दिवस लागले होते.

"उघडा की," साव्हेता म्हणाली. "मेलेल्या माणसाचं पत्र उघडलं तर रागावणार कोण?"

मी उघडलं. शेजारणीकडून लिहवून घेतलेलं, मोठ्या अक्षरांतलं पत्र होतं.

"पारास्किवा, माझी नजर कमी झाली आहे म्हणून दुसऱ्याच्या हातून लिहिते. इकडे सांगतात की ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी सरहद्दीच्या तारेतलं फाटक उघडणार, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. मी येते आहे. आईबाबांच्या थडग्यापाशी तू आणि मी एकत्र बसू. तुझं टरफल दर वर्षी मिळतं. शिंग आणि तीन ठिपके दिसले की मी म्हणते, आहे, अजून आहे. चालायला त्रास होत असेल तर फाटकापर्यंत येऊ नकोस. घर मला ठाऊक आहे. तुझी आग्लाया."

साव्हेताने पिशवी खाली ठेवली. "कसलं टरफल?"

मला ठाऊक होतं. मला वाटतं, तेवढं ठाऊक असलेला गावात मी एकटाच होतो, आणि मी ते कधी कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

आमच्याकडे ईस्टरच्या आदल्या दिवशी अंड्यांची टरफलं वाहत्या पाण्यात सोडतात. पाणी जिथे संपतं तिथे ब्लाजीनी राहतात, म्हणजे भोळी माणसं. त्यांच्याकडे दिनदर्शिका नाही. ईस्टर कधी येतो ते त्यांना कळत नाही. टरफलं तरंगत त्यांच्यापर्यंत पोचायला आठवडाभर लागतो, मग ती सण करतात. म्हणून ईस्टरनंतरचा दुसरा सोमवार त्यांचा. त्या दिवशी आम्ही थडग्यांवर चादरी अंथरून जेवतो आणि मेलेल्यांच्या नावाने पाव आणि मेणबत्ती वाटतो. कारण विनामेणबत्तीचे, विनाथडग्याचे मेलेले शेवटी त्या भोळ्यांकडेच जाऊन राहतात, असं आमच्या बायका मानतात.

आमच्या बायका अंड्यांवर मेणाने नक्षी काढून ती रंगात बुडवतात. प्रत्येक घराची नक्षी ठरलेली. कुणाचं ओकचं पान, कुणाची हरवलेली वाट, कुणाचं मासेमाराचं जाळं. पारास्किवा आणि आग्लाया या बहिणींच्या माहेरची नक्षी मेंढ्याचं शिंग आणि त्याच्या वळणात तीन ठिपके.

सत्तेचाळीसच्या ऑक्टोबरात आमच्या वरच्या गावातली अकरा घरं रिकामी झाली. पहाटे रशियन शिपायांचे ट्रक आले आणि माणसं भरून दुपारपर्यंत गेले. मी सात वर्षांचा होतो. पारास्किवा त्या अकरांतली. पुढच्या ईस्टरला तिची शेजारीण झेनोविया हिने स्वतःच्या घरात बसून अकरा अंड्यांवर त्या अकरा घरांच्या नक्ष्या काढल्या, गोड पावाच्या पिठात घालायला अंडी मधोमध फोडली आणि प्रत्येकाचं नक्षीचं अर्धं टरफल ओढ्यात सोडलं. तिला लिहिता येत नव्हतं. त्या लोकांचं नाव मोठ्याने घेण्याची सोय नव्हती. छप्पन साली ओनुफ्रिए म्हातारा एकटा परत आला आणि कोण कुठल्या हिवाळ्यात गेलं ते त्याने तिला सांगितलं. नंतर तोही गेला. झेनोवियाची अकरा टरफलं दर वर्षी चालू राहिली.

मी पत्र खिशात घालून तिच्याकडे गेलो. ती अंगणात कांद्याची रोपं लावत होती. शहात्तर वर्षांची होती, पण वाकली की सरळ व्हायला माझ्याइतका वेळ तिला लागत नसे.

"झेनोविया मावशी, एक पत्र आहे."

"मला कोण लिहिणार? जिवंत आहेत त्यांना मी दिसते, मेलेत त्यांना लिहिता येत नाही."

मी वाचून दाखवलं. दोनदा. दुसऱ्यांदा ती वाफ्याच्या कडेवर बसली.

"तिला वाटतं ती आहे," झेनोविया म्हणाली.

"हो."

"माझ्या हातामुळे वाटतं."

ती हाताला लागलेली माती दुसऱ्या हाताने काढत होती.

"मी भोळ्यांसाठी सोडत होते, मास्तर. पाणी कुठे कुठे जातं ते मला काय ठाऊक? म्हणजे ठाऊक होतं. खाली साल्चिओरा आहे हे कुणाला ठाऊक नाही? पण माझ्या डोक्यात ती राहिलीच नव्हती. तार आली आणि पलीकडे काही उरलं नाही, असं झालं होतं." मग ती माझ्याकडे वळली. "तू पुस्तकं वाचतोस. तुझ्या तरी डोक्यात यायला हवं होतं."

ती खरं बोलत होती. मला कराराची तारीख ठाऊक होती, तिथून पुढे माझं डोकं गेलं नव्हतं. एकोणचाळीसच्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत रशिया आणि जर्मनीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सह्या केल्या, एक गुप्त पुरवणी जोडली. पुढच्या जूनमध्ये रशिया आणि रुमानियाच्या मधली रेघ आमच्या गावातून गेली. चर्च आणि स्मशान वर, आमच्याकडे राहिलं. गिरणी आणि निम्मी माणसं खाली. नव्वद साली त्या पुरवणीचा मजकूर आमच्या जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आला, तेव्हा मी तो सात वेळा वाचला आणि वहीत उतरवून घेतला. झेनोवियालाही वाचून दाखवला होता. तिने विचारलं होतं, "यात आपलं गाव कुठाय?" मी म्हटलं, गाव नाही, आपला भागसुद्धा नाही, तो नंतर वरकडीत मागितला. "म्हणजे आपण आहोत हे त्यांना माहीतच नव्हतं," ती म्हणाली. "मग त्यांनाही टरफलं पाठवायला हवी होती." आणि ती हसत सुटली होती. त्या दिवशी मला ते हसणं आवडलं नव्हतं. माझ्या वहीचा अपमान झाल्यासारखं वाटलं होतं.

त्या रविवारी आमचे फादर विकेंत्ये यांच्याशी मी बोललो. ते तरुण होते, मऊ मनाचे. चर्चमध्ये नावांच्या याद्या मीच वाचायचो, जिवंतांची एक आणि मेलेल्यांची एक. त्यामुळे पारास्किवाचं नाव कुठल्या यादीत जाणार, त्यात माझाही हात होता.

"गेल्या हिवाळ्यात गेली म्हणून सांगा," फादर म्हणाले. "झोपेतच गेली. म्हातारीला चार महिन्यांचं दुःख होईल, बेचाळीस वर्षांचं नाही. कोपऱ्यात एक क्रूस उभा करू. देव समजून घेईल."

मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा सुटल्यासारखं वाटलं. मी तसंच झेनोवियाला जाऊन सांगितलं.

"रिकाम्या मातीवर क्रूस?" ती म्हणाली. "ती त्याच्यावर रडेल, डोकं टेकेल, पाव ठेवेल. आणि खाली कोण? बटाटे?"

"मावशी, तिचं वय ऐंशीच्या वर आहे."

"माझं काय सोळा आहे? मास्तर, बेचाळीस वर्षं मी तिला फसवलं, पण मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. आता फसवलं तर ते वेगळं. तू लांब उभा राहा, तुला तेच जमतं. मी सांगेन."

"ती तुम्हाला शिव्या देईल. सगळ्या गावासमोर."

"देऊ दे. माझ्यावर ओरडायला तरी कुणी माणूस आहे. ओनुफ्रिएने मला सगळं सांगितलं तेव्हा मी कुणावर ओरडायचं होतं?"

तरी तिला भीती वाटत होती. त्या तीन आठवड्यांत मी तिला रोज पाहत होतो. ईस्टरच्या आदल्या दिवशी ती ओढ्यावर टरफलं घेऊन आली, तेव्हा अकराच्या जागी दहाच होती. शिंगाचं टरफल तिच्या एप्रनच्या खिशात होतं. "हे सोडलं तर खोटं, नाही सोडलं तर ती वाटेतच मरेल," ती म्हणाली आणि बराच वेळ पाण्यात पाय घालून उभी राहिली. शेवटी तिने ते सोडलं. "हे पारास्किवासाठी," ती पाण्याला म्हणाली, "आग्लायासाठी नाही. ऐकलंस का?" टरफल पहिल्या दगडाला आपटलं, गिरकी घेऊन पुढे गेलं.

भोळ्यांच्या सोमवारी आठ वाजता फाटक उघडलं. शिपायांनी टेबल मांडलं होतं. पलीकडून साठेक माणसं आली, सगळ्यांच्या हातात टोपल्या. आग्लाया तिसरी की चौथी होती. ठेंगणी, रुंद, काठीवर जोर देत येणारी. टेबलावरच्या शिपायाला ती सांगत होती, "पोरा, पन्नास वर्षं तुझी तार माझ्या बापाच्या थडग्यात आणि माझ्यात आहे, आणि तू मला विचारतोस कशासाठी चालली? जेवायला चाललेय, दुसरं काय!" शिपाई हसला, शिक्का मारला.

आत येऊन ती थांबली. रांगेने उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडांवरून तिची नजर फिरू लागली. एकेकीकडे ती जवळ जाऊन बघत होती. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

झेनोविया पुढे झाली.

"आग्लाया, मी झेनोविया. अंद्रेईची. पारास्किवाच्या शेजारची."

"झेनोविया! जाड झालीस की ग. ती कुठाय? पाय दुखतात का तिचे? मी सांगितलं होतं, घरीच थांब म्हणून."

"ती नाही, आग्लाया. ती अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात गेली. तिकडे, जंगलात, लाकडं तोडायला नेलं होतं तिथे. टरफलं मी सोडत होते."

शब्द पुरे होते. झेनोवियाने आणखी एकही घातला नाही. क्षमा मागितली नाही, कारण सांगितलं नाही. हात बाजूला सोडून ती उभी राहिली. मी आयुष्यभर पुस्तकांत शूर माणसांबद्दल वाचत आलो आहे. त्यांतलं कुणी मला त्या सकाळी आठवलं नाही.

आग्लायाने काठी वर उचलली. मला खरंच वाटलं ती मारणार. काठी हवेत तशीच राहिली, मग खाली आली.

"तू?"

"मी."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"मी तुझ्या शिंगाचा मुका घेत होते?"

"माझ्या हातच्या."

आग्लाया वळली आणि चालू लागली. फाटकाकडे नाही, गावाच्या आत. आम्ही दोघं मागोमाग. पारास्किवाच्या घराच्या जागी सामुदायिक शेतीच्या खताचं गोदाम होतं. घराचं म्हणून एक आलुबुखाराचं झाड उरलं होतं, नुकतं फुलाला आलेलं. आग्लायाने गोदामाच्या पत्र्याला हात लावून पाहिला. मग झाडाखाली बसली आणि टोपलीतून कोंड्याने भरलेला एक लाकडी डबा काढला.

डब्यात टरफलं होती. एकेक काढून ती गवतावर मांडू लागली, जुनी आधी. अडतीस होती.

"पाच वर्षं आली नाहीत," ती म्हणाली. कुणाकडे बघून म्हणाली ते कळलं नाही. "पुराने नेली असतील. त्या त्या वर्षी मी झोपत नव्हते. आम्ही खालच्या बायका पिठाच्या चाळण्या घेऊन पाण्यात उभ्या राहायचो. ज्याची नक्षी त्याने घ्यायची. मांजरं वाट बघतात तशा. पहारेकरी म्हणायचे, या बायका मासे पकडतात आणि टाकून देतात."

झेनोविया हळूच तिच्यासमोर बसली.

"हे बघ," आग्लायाने बोट ठेवलं. "इथपर्यंत रेघ कशी सरळ. मग ही थरथरायला लागली. हे ऐंशीचं. हे पंच्याऐंशीचं, ठिपका ओघळलाय. मला वाटायचं, माझ्याबरोबर तीही म्हातारी होतेय. मी इथे चष्मा लावतेय, तीही तिकडे लावत असेल. मी तिला सांगायचे, पारास्किवा, शिंग वाकडं झालं ग, उजेडात बसून काढत जा."

"माझ्या खिडकीत उजेड कमी येतो," झेनोविया म्हणाली.

"आणि हे? त्र्याहत्तरचं? दोनच ठिपके. सगळी नक्षी उलट्या बाजूला. मी वर्षभर मेणबत्त्या लावल्या. शेजारगावच्या फादरना सांगून जिवंतांच्या यादीत तिचं नाव दर रविवारी वाचायला लावलं, तिला काय झालंय म्हणून."

"हात मोडला होता. उजवा. डाव्या हाताने काढलं. तिसरा ठिपका जमेना, मेण सांडलं."

"कशाने मोडला?"

"छपरावर गवत रचत होते, पडले. डॉक्टर म्हणाले, या वयात नीट जुळत नाही. पण जुळला. त्यांनाही नवल वाटलं."

आग्लाया तिच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. मग तो हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, उलटा केला, मनगटावरून बोट फिरवलं. हाड जरा पुढे आलेलं होतं.

"म्हणजे त्या मेणबत्त्या तुला लागल्या," ती म्हणाली.

झेनोविया त्या क्षणी पहिल्यांदा रडली. आवाज न करता, नाक ओढत. आग्लाया मात्र रडली नाही. तिने डब्यात टरफलं परत भरली, कोंडा दाबला, झाकण लावलं.

"बाकी दहा घरांचं काय?"

"तसंच. ओनुफ्रिए सोडून कुणी परतलं नाही. तोही छप्पन सालीच गेला."

"त्यातल्या सहा घरची माणसं आमच्याकडे आहेत. आज तिघं आलीत. त्यांना कोण सांगणार?"

"मी," झेनोविया म्हणाली.

"तू बस. तुझं सांगून झालं. आता मी सांगते. माझ्या तोंडून ऐकलं तर तुझ्यावर काठी उचलण्याआधी जरा थांबतील." मग तिची नजर माझ्यावर आली. "हा कोण? मघापासून झाडासारखा उभा आहे."

"आमचे मास्तर. नावं वाचतात."

"मग ऐका, मास्तर. तुमच्या जिवंतांच्या यादीत मी कुणाला घालणार होते ते तुम्हाला कळलंच असेल. तिला मेलेल्यांत घ्या. आणि जिवंतांत ती जागा रिकामी ठेवू नका. हिला लिहा."

"मी तुमच्याकडची कुठे?" झेनोविया म्हणाली.

"बेचाळीस वर्षं माझ्याकडचीच होतीस. नाव तेवढं चुकलं होतं."

स्मशानात आम्ही दहाला पोचलो. चादरी अंथरल्या होत्या, मक्याच्या भाकरीचा आणि मेणाचा वास येत होता. तिघांजवळ जाऊन आग्लाया काय बोलली ते मी ऐकलं नाही. त्यातली एक बाई जमिनीवर बसली, एक माणूस कुंपणापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. झेनोविया आग्लायाच्या आईबाबांच्या थडग्याशी ताठ बसली होती, मान खाली न घालता. कुंपणापाशी गेलेला माणूस अर्ध्या तासाने आला आणि तिच्याशेजारी बसला. त्याने तिला दारूचा लहान पेला पुढे केला. तिने घेतला.

आमच्यात मेलेल्याच्या नावाने पहिला पाव कुणाला देतात याला महत्त्व असतं. मेलेल्याच्या जागी जो उभा राहू शकेल त्याला तो द्यायचा. आग्लायाने टोपलीतून वेणीचा गोल पाव काढला. बहिणीला द्यायला आणला होता. त्यात मेणबत्ती खोचली, पेटवली आणि दोन्ही हातांनी झेनोवियापुढे धरला.

"पारास्किवाच्या नावाने."

झेनोवियाने एप्रनला हात पुसले आणि पाव घेतला. "देव तिला क्षमा करो," ती म्हणाली. घेणाऱ्याने एवढंच म्हणायचं असतं.

मग मी याद्या वाचल्या. मेलेल्यांत पारास्किवाचं नाव मोठ्याने वाचायची ती माझी पहिली वेळ. आवाज खाली गेला.

"मास्तर, जोरात!" झेनोविया ओरडली. "इतकी वर्षं मी पाण्यावर वाचत होते, तुला जमिनीवर वाचता येत नाही?"

लोक हसले. मी पुन्हा वाचलं. अकराही घरांची नावं वाचली. नंतर जिवंतांत झेनोवियाचं.

सहा वाजायला पाच मिनिटं असताना दोघी फाटकाशी उभ्या होत्या. शिपाई घड्याळ बघत होता.

"तुझ्या घराची नक्षी कुठली?" आग्लायाने विचारलं. "आमच्या चाळणीत ती कधी आली नाही."

"चिमणीचा पाय. मी कशाला सोडू? मी घरीच होते. कुणाला कळवायचं?"

"मला कळव," आग्लाया म्हणाली. "आणि शिंग काढताना खिडकी उघडी ठेव. वाकडं येतं."

पुढच्या वर्षी फाटक उघडलं नाही. मधल्या काळात सोव्हिएत संघ मोडून आमच्या बाजूचा देश बदलला होता, नवे शिक्के यायचे होते. ईस्टरच्या आदल्या दिवशी झेनोविया ओढ्यावर आली. टोपलीत बारा टरफलं होती. अकरा सोडून झाली तेव्हा तिने बारावं हातात धरलं, त्यावर चिमणीचा पाय होता. तिने ते पाण्यात ठेवलं. ते दगडाशी अडकलं, तशी ती स्कर्ट वर खोचून गुडघाभर पाण्यात गेली आणि त्याला बोटाने पुढे ढकललं.